शिवाराची चाकरी पत्करण्यापूर्वी

पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या अथवा हैदराबादच्या मोठ्या कंपन्यांत दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेली, पगार व हुद्दा या दोहोंनी सुस्थिर झालेली आणि तरीही आपल्या श्रमाचे फळ अखेरीस कोणाच्या पदरात पडते या प्रश्नाने अस्वस्थ असलेली माणसे आज महाराष्ट्रात थोडी नाहीत. आणि त्यांपैकी ज्यांचे मूळ घर धाराशिव जिल्ह्यात आहे, अथवा ज्यांचा जीव या ना त्या निमित्ताने या जिल्ह्यात गुंतला आहे, त्यांच्या मनात बहुधा एकच विचार घोळत असतो, की ही नोकरी सोडावी, गावाकडे जावे, आणि झिजलेली माती, आटलेले पाणी व विस्कटलेला गावगाडा यांच्या पुनरुज्जीवनासाठी उरलेली उमेद खर्ची घालावी. हा विचार उदात्त आहे, आणि तो मनात आला म्हणून कोणी स्वतःला भाबडे समजण्याचे कारण नाही. परंतु उदात्त विचाराचे पर्यवसान दोन-तीन वर्षांत कर्ज, कटुता आणि शहराकडे परतीची वाट यांत होऊ नये अशी ज्याची इच्छा असेल, त्याने राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी काही गोष्टींची शांतपणे तजवीज केली पाहिजे. त्या सर्व गोष्टींचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की येताना आपले कसब अवश्य आणावे, परंतु आपली योजना आणू नये. कारण या जिल्ह्यात योजना आखणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, वाण आहे ती दुसऱ्याने आरंभलेले चांगले काम नेटाने, हिशेबाने आणि आज्ञाधारकपणे पुढे नेणाऱ्यांची.

जिल्ह्याची पाटी कोरी नाही

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा या ८ तालुक्यांचा, सुमारे ७,५६९ चौरस किलोमीटरांचा हा मुलूख बालाघाटाच्या रांगांवर व त्यांच्या उतारांवर पसरलेला आहे. येथे पडलेल्या पावसाचे एका अंगाचे पाणी तेरणा-मांजरा या नद्यांतून गोदावरीला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे सीना-बोरी यांच्या वाटेने भीमेला जाते. जिल्हा असा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला असल्यामुळे बहुतेक गावांना बाहेरून वाहत आलेल्या पाण्याचा आधार नाही. डोक्यावर जे पडेल तेच आपले, आणि जे अडवता येईल तेवढेच खऱ्या अर्थाने आपले. १९७२ चा दुष्काळ, २०१२-१३ चा, आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो २०१६ चा उन्हाळा, यांनी हा धडा येथील माणसांना पुनःपुन्हा गिरवायला लावला आहे.

परंतु संकटांबरोबरच त्यांतून उभ्या राहिलेल्या कार्याचाही येथे मोठा वारसा आहे, आणि नव्याने येणाऱ्याने तो आधी जाणून घेतला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावेही जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांनी आपल्याच माणसांना गाडले. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत, घर कसे भक्कम करावे हे इंजिनिअरांकडून समजून घेऊन गावाला समजावण्याचे आणि कामावर देखरेख ठेवण्याचे दायित्व गावच्याच स्त्रियांनी पेलले. प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने ही वाट घालून दिली, आणि बांधकामाचा विषय संपल्यावर त्याच स्त्रियांना घेऊन बचत, आरोग्य आणि अखेरीस शेती असा तिचा विस्तार केला. दुष्काळाच्या वर्षांत या स्त्रियांनी घरच्या जमिनीपैकी सुमारे एक एकर आपल्या निर्णयाखाली मागून घेतली, आणि तीत नगदी पिकाऐवजी ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद व भाजीपाला अशी घरच्या चुलीला पुरणारी मिसळ पिके घेतली. या कार्याला २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे कार्य वर्षानुवर्षे चालविले आहे. तुळजापुरातच टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे, आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. या सर्वांना न भेटता, ते काय करीत आहेत हे न पाहता, जो नवी संस्था आणि नवे नाव घेऊन उतरतो, तो या कार्यकर्त्या स्त्रियांच्या तीस वर्षांच्या अनुभवाची उपेक्षा करतो, आणि तिची किंमत त्यालाच मोजावी लागते.

आधी गेलेले चौघे

महाराष्ट्रात ही वाट पूर्वी चोखाळली गेली आहे, आणि प्रत्येकाच्या प्रवासातून घेण्यासारखा धडा निराळा आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाणला आले आणि कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याविषयीचा त्यांचा सिद्धांत ग्रंथालयात बसून तयार झालेला नव्हता; पेरणीपासून विक्रीपर्यंतचा जमाखर्च स्वतः लिहिताना, उत्पादनाचा खर्चही भरून निघत नाही हे वास्तव त्यांच्या वहीत उमटले, आणि शेतकरी संघटनेचा पाया त्या वहीवर घातला गेला. त्यांच्यापासून शिकावयाचे ते हे, की मत बनविण्याआधी हिशेब लिहावा.

विलासराव साळुंखे हे पुण्यातील यशस्वी अभियंता-उद्योजक. १९७२ च्या दुष्काळाने ते पुरंदर तालुक्याकडे वळले, १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले, आणि नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन खंडाने घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला. त्यातून जन्मलेल्या पाणी पंचायतीचे नियम आजही मुखोद्गत करण्याजोगे आहेत: पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, उसासारख्या पिकाला मज्जाव, आणि खर्चाचा काही हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा. साळुंख्यांनी शिकविले ते असे, की पाणी अडविण्याची विद्या सोपी आहे, अडलेल्या पाण्याच्या वाटपाचा न्याय कठीण आहे, आणि तो बंधाऱ्याआधी ठरवावा लागतो.

दिलीप कुलकर्णी यांनी टेल्कोतील अभियंत्याची नोकरी सोडली, आणि पुढे दापोली तालुक्यातील कुडावळे या गावी स्थायिक होऊन, अल्प गरजांचे जीवन स्वतः जगत 'गतिमान संतुलन' हे मासिक चालविले. आपली गरज किती खाली आणता येते याचा शोध हाच त्यांच्या कार्याचा गाभा ठरला. आणि व्यंकट अय्यर यांनी आयबीएममधील नोकरी सोडून डहाणू तालुक्यातील पेठ या गावी साडेचार एकर जमीन घेतली, शेजारच्या आदिवासी शेतकऱ्यांकडून शेती शिकली, आणि त्या अनुभवावर २०१८ साली 'मूंग ओव्हर मायक्रोचिप्स' हे पुस्तक लिहिले; त्यांच्या उदाहरणावरून दिसते, की पदवीधर माणसाने गावात विद्यार्थी म्हणून शिरले तर गाव त्याला शिकवायला नाखूश नसते.

राजीनाम्यापूर्वीचा जमाखर्च

घरातील सर्वांची संमती हा पहिला विषय. पती अथवा पत्नी, वृद्ध आईवडील आणि शाळकरी मुले यांच्या आयुष्यावर या निर्णयाचा भार पडणार असतो, आणि जो भार वाटून घेतला नाही तो मागाहून तक्रारीच्या रूपाने परत येतो. विशेषतः गावाकडच्या वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला शहरात धाडले, त्यांना त्याचे परत येणे हे आपल्या कष्टांचे अपयश वाटू शकते, आणि त्यांची ती व्यथा समजून घेणे हे कर्तव्यच आहे.

त्यानंतर पैशाचा विचार. मागील एका वर्षाचा घरखर्च बाबवार लिहून काढावा, आणि त्यातील कोणता खर्च शहराचा आहे व कोणता आपला आहे हे वेगळे करावे. गृहकर्जाचे हप्ते चालू असताना नोकरी सोडू नये. आधी कर्ज फेडावे, अथवा ते घर भाड्याने देऊन हप्ता परभारे निघेल अशी व्यवस्था करावी. उपदानाचा हक्क साधारणतः सलग ५ वर्षांच्या नोकरीनंतर मिळतो, आणि ५ वर्षे पुरी होण्याआधी काढलेल्या भविष्य निर्वाह निधीवर कर पडू शकतो. तेव्हा चार-सहा महिन्यांच्या उतावळेपणाने हे नुकसान ओढवून घेऊ नये. कंपनीने घेतलेला सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतःचा व आईवडिलांचा विमा नोकरीत असतानाच उतरवून ठेवावा, कारण नव्या विम्यात जुन्या आजारांना प्रतीक्षेचा काळ असतो. आमच्या मते साध्या राहणीने तीन वर्षे निघतील इतकी शिल्लक गाठीशी असल्याखेरीज, आणि ती शिल्लक कामात न गुंतविण्याचा निश्चय असल्याखेरीज, पाऊल उचलू नये. तीन वर्षे अशासाठी, की कोरडवाहू मुलखात तीन पावसाळ्यांपैकी एखादा तरी दगा देतो, आणि तो दगा पाहिल्यावाचून आपण या मुलखाला ओळखले असे म्हणता येत नाही.

शक्य असेल तर एकदम राजीनामा देण्याऐवजी बिनपगारी दीर्घ रजा मागावी. नाही मिळाली, तर एखाद्या कार्यरत संस्थेत प्रथम काही आठवडे राहून यावे. हे राहणे उन्हाळ्यात असावे. सप्टेंबरातला हिरवा बालाघाट पाहून घेतलेला निर्णय मे महिन्यात टिकत नाही.

पहिले वर्ष: मृगापासून मृगापर्यंत

पहिल्या वर्षी काहीही नवे सुरू करू नये. एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत एकाच गावाच्या शिवारात हिंडावे, पाहावे, विचारावे, लिहावे. पेरणीच्या वेळी तिफणीमागे कोण चालते, चाड्यावर मूठ कोणाची असते, बियाणे घरचे की दुकानचे, ते उधारीवर आणले की रोखीने, हे पाहावे. श्रावणात पावसाने उघडीप दिली म्हणजे कोणत्या रानातले पीक आधी माना टाकते आणि कोणत्या रानातले तग धरते, हे बांधावर उभे राहून पाहिले, की मातीची खोली, बिवड आणि शेणखत यांचे महत्त्व जितके समजते तितके कोणत्याही अहवालातून समजत नाही. रब्बीची ज्वारी हस्ताच्या पावसावर कशी विसंबते, आणि पुढे रात्रीच्या दवावर व काळ्या रानात साठलेल्या ओलीवर कशी पोसते, हे पाहावे. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे येथल्या बोलीत येळवशीला, घरोघरची माणसे आंबील, भज्जी आणि उंडे घेऊन शेतात जातात, आणि वाटेने जाणाऱ्यालाही आग्रहाने जेवायला बसवितात. त्या एका दिवशी पाच-सात शिवारांत पंगतीला बसणाऱ्याला गावाची जी ओळख होते ती सभा घेऊन होत नाही.

याच वर्षात एक काम मात्र नेमाने करावे, आणि ते म्हणजे विहिरींची नोंद. गावाच्या माथ्यावरची, मधली आणि पायथ्याची अशा निदान पाच विहिरी मालकांच्या परवानगीने निवडाव्यात. कोजागिरी, संक्रांत, गुढीपाडवा आणि मृगाच्या आधीचा आठवडा अशा चार वेळी, दोरीला वजन बांधून, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट आणि पाण्यापासून तळापर्यंत किती फूट हे मोजावे, आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांना दिसतील असे लिहावेत. १ एकर रानावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. सातशे मिलिमीटरांच्या वर्षात त्या एकरावर २८ लाख लिटर पाणी पडते. हा हिशेब गावासमोर मांडला, त्याशेजारी वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी मागणाऱ्या उसाची गरज लिहिली, आणि त्याखाली पाडव्याला विहिरीत उरलेल्या पाण्याची उंची फुटांत लिहिली, म्हणजे कोणाला उपदेश करावा लागत नाही. गाव आपले आपण बोलू लागते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जी कीर्ती मिळविली, तिच्या मुळाशी पाण्याचा असाच वार्षिक ताळेबंद, आणि शेतीसाठी विंधनविहिरी व ऊस न घेण्याचा गावाने स्वतःवर घालून घेतलेला निर्बंध होता.

माळरानाविषयी सावधगिरी

शहरातून येणाऱ्या सदिच्छेची पहिली धाव वृक्षारोपणाकडे असते. येथे थोडे थांबावे. परंडा-भूमच्या बाजूची, आणि बालाघाटाच्या माथ्यावरची अनेक माळराने ही उजाड झालेली वने नसून मूळचीच गवताळ राने आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते, त्यांवर जगणारी गुरे-शेरडे, आणि लांडगा, कोल्हा, खोकड यांसारखे प्राणी ही त्यांची संपत्ती आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच माळरानासाठी राखले गेले. अशा जागी खड्डे खणून दाट झाडी लावणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा लादणे होय. झाडे लावावीत ती बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात आणि जेथे पूर्वी वन होते तेथे. आणि तीही कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच, पळस, धावडा, आपटा अशी येथल्या मातीची. येडशीच्या रामलिंग घाटातील अभयारण्यात एक पावसाळी सकाळ हिंडले, की या मातीला कोणती झाडे मानवतात याचा नमुना समोर उभा असतो.

चराईबंदीचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. माळ राखला तर गवत येते, माती थांबते, पाणी मुरते, हे सर्व खरे. परंतु ज्या भूमिहीन विधवेचा संसार दोन उस्मानाबादी शेळ्यांवर चालतो, तिला त्या बंदीची झळ पहिल्या दिवशी लागते, आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ मात्र विहीर असणाऱ्याच्या मोटारीला मिळतो. ही शेळी या जिल्ह्याची खरी दुष्काळी ठेव आहे; काटक, बहुधा जुळी देणारी, आणि अडीअडचणीला विकून रोकड हाती देणारी. म्हणून बंदीचा ठराव होण्याआधी राखलेल्या माळावरचे कापीव गवत प्रथम भूमिहीनांना मिळेल, चराईचे तुकडे पाळीपाळीने खुले होतील, आणि ठरावाच्या सभेत शेळ्या पाळणाऱ्या स्त्रिया हजर असतील, अशी तजवीज करावी. ज्या पुनरुज्जीवनात माती सुधारते आणि दुबळा माणूस अधिक दुबळा होतो, ते अर्धवटच नव्हे, ते अन्यायाचे आहे.

जमीन आणि दप्तर

जमीन विकत घेण्याची घाई करू नये, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. ज्याच्या नावे महाराष्ट्रात शेतजमीन नाही त्याला येथे सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही. मराठवाड्यात आजही १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनीही आधी दप्तर पाहावे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, आणि येथील जमिनींची कुंडली त्या काळापासूनची आहे: कोठे देवस्थान इनाम, कोठे खिदमतमाश इनाम, कोठे मुंतखबातील नोंद, कोठे गायरान. म्हणून चालू सातबारा पाहून समाधान मानू नये. १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक, त्यानंतरचे सर्व फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातील मोजणीचा नकाशा यांच्या नकला काढाव्यात, आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ लिहिले आहे की वर्ग २, हे प्रथम पाहावे, कारण वर्ग २ ची जमीन परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. शेजाऱ्याशी हद्दीचा वा वाटेचा तंटा असेल, तर तो काम सुरू करण्याआधी मिटवावा.

याच दप्तरात घरच्या न्यायाचाही एक विषय आहे. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेनंतर १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून, पतीने स्वेच्छेने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट सुकर केली. गावात स्त्रियांच्या हक्काविषयी बोलू इच्छिणाऱ्या पुरुषाने आपल्या स्वतःच्या जमिनीची ती नोंद आधी करून घ्यावी. सामुदायिक जमिनीवर काही करावयाचे असेल तर ग्रामसभेच्या ठरावावाचून कुदळ मारू नये, आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्यानिशी आपल्याजवळ ठेवावी.

आपले कसब कोठे उपयोगी पडते

कंपनीत शिकलेले सर्वच येथे निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. उलट गावकऱ्यांना जे अवघड वाटते नेमके तेच या मंडळींच्या हातचे असते. जिल्ह्यात बचत गट आहेत, त्यांचे ग्रामसंघ आहेत, 'उमेद' आणि 'माविम' या शासकीय उपक्रमांची यंत्रणा आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. यांतील अनेक कंपन्या पीक नसल्यामुळे अडखळत नाहीत. खरेदीच्या वेळी हाती खेळते भांडवल नाही, वजन व प्रत यांची नोंद चोख नाही, वार्षिक विवरणपत्रे वेळेवर भरली जात नाहीत आणि खरेदीदाराशी लेखी करार नाही, म्हणून अडखळतात. भूम तालुक्याचा खवा दूरवर प्रसिद्ध आहे, पण त्याच्या अनेक भट्ट्या लाकडावर चालतात. एका भट्टीला रोज किती लाकूड लागते, ते कोठून येते, दुसरे इंधन वापरल्यास खर्च किती पडेल व कर्ज किती वर्षांत फिटेल, हे कागदावर मांडून दाखविणारा माणूस त्या भागातील वृक्षांचे जितके रक्षण करील तितके घोषणांनी होणार नाही.

वर सांगितलेल्या, स्त्रियांच्या एक एकराच्या शेतीचेच घ्या. अशा शेतीचा हिशेब रूढ पद्धतीने मांडला तर विक्रीच्या रकान्यात फारसे काही दिसत नाही, आणि घरातील पुरुष म्हणतो, "ह्या भाजीपाल्यात काय मिळतंय?" परंतु त्याच वहीत, वर्षभर दुकानातून न आणाव्या लागलेल्या डाळीची, भाजीची आणि ज्वारीची बाजारभावाने किंमत लिहिली, न घेतलेल्या खताची व फवारणीची बचत लिहिली, गटाने राखलेल्या बियाण्याची किंमत लिहिली, आणि दुसऱ्या बाजूला त्या स्त्रीच्या श्रमाचे दिवस मजुरीच्या दराने प्रामाणिकपणे खर्ची टाकले, म्हणजे जे चित्र उभे राहते ते घरातील संभाषण बदलून टाकते. हा हिशेब ती स्त्री स्वतः लिहू लागेपर्यंत तिच्या शेजारी बसणे, याहून अधिक उपयुक्त काम कंपनीच्या लेखाविभागातून आलेल्या माणसाला या जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

काम ज्या संस्थेत करावयाचे ती निवडताना चार गोष्टी विचाराव्यात: मागील तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मिळतो काय, निर्णय घेणाऱ्या मंडळात गावच्या स्त्रिया व भूमिहीन किती आहेत, अनुदान बंद झाल्यावर कोणते काम चालू राहिले, आणि सोडून गेलेले कार्यकर्ते संस्थेविषयी काय बोलतात. मानधन मागण्यात संकोच करू नये. फुकट काम करणाऱ्याकडून हिशेब मागता येत नाही, आणि जेथे हिशेब मागता येत नाही तेथे शिस्त राहत नाही. स्वतःची संस्था काढण्याचा मोह निदान तीन वर्षे आवरावा. धर्मादाय न्यास, नोंदणीकृत सोसायटी अथवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी, यांपैकी काहीही काढले तरी दरवर्षीच्या विवरणपत्रांचा आणि लेखापरीक्षणाचा भार कायमचा अंगावर येतो, आणि शिवारात घालवावयाचे दिवस कचेरीत जातात.

काम साधले हे कशावरून ओळखावे

पाच वर्षांनंतर स्वतःला विचारावयाचे प्रश्न आजच लिहून ठेवावेत, म्हणजे मागाहून सोयीची उत्तरे सापडत नाहीत. पाडव्याला त्या पाच विहिरींत पूर्वीपेक्षा किती फूट पाणी अधिक राहते, आणि ते पाणी कोणाच्या रानात जाते? नांगरटीच्या रानात गांडूळ दिसतो काय? ऊसतोडीसाठी गाव सोडून जाणाऱ्या कोयत्यांची संख्या घटली काय? ग्रामसभेत स्त्रिया बोलतात काय, आणि त्या बोलल्यावर ठराव बदलतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण सहा महिने आजारी पडलो तर हे काम कोण चालवील, त्याचे नाव आपल्याला सांगता येते काय?

ज्याला हे प्रश्न पेलवतील, ज्याच्या घरच्यांची साथ आहे, ज्याची तीन वर्षांची तजवीज झाली आहे आणि जो आपल्याहून कमी शिकलेल्या बाईच्या हाताखाली आनंदाने काम करू शकतो, त्याने निःशंकपणे राजीनामा द्यावा. या जिल्ह्याला त्याची गरज आहे, आणि येथे त्याचे आयुष्य वाया जाणार नाही. ज्याला यातील एखादी गोष्ट आज जमत नाही, त्याने खंत करू नये, पण स्वस्थही बसू नये. नोकरीत राहून एका उत्पादक कंपनीचा वार्षिक हिशेब रविवारी बसून लावून देता येतो, एका गटाच्या मालाला शहरात कायमचे गिऱ्हाईक मिळवून देता येते, आणि आपल्या पडीक पडलेल्या वडिलोपार्जित रानाची बांधबंदिस्ती करून ते गावातल्या एखाद्या भूमिहीन कुटुंबाला लेखी करारावर कसायला देता येते. यांपैकी एक काम येत्या मृगाआधी हाती घ्यावे, आणि वर्षभर निभावून दाखवावे. पुढच्या निर्णयाला लागणारे बळ त्या एका वर्षाच्या अनुभवातून येईल.